गुरुवारचा केक

रोज सकाळी सव्वासात वाजता इंगेलिसे कपडे बदलायच्या खोलीच्या दारात उभी राही आणि आत येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून उजव्या हाताची दोन बोटं स्वतःच्या छातीवर, डाव्या खिशाच्या जागी, दोनदा आपटे. तोंडाने अवाक्षर नाही. ‘बिल्ला लावलास का?’ एवढाच त्याचा अर्थ. समोरच्यानेही आपल्या छातीवर टकटक करायची, की वाट मोकळी. डॉक्टर असो, परिचारिका असो, नाहीतर रोग्यांची खाट ढकलत आणणारा एमिर असो, टकटक केल्याशिवाय चार नंबरच्या खोलीकडे कुणाला जाता येत नसे.

ही सवय इतकी अंगात मुरली होती की इस्पितळाबाहेरही सुटत नसे. बसच्या ड्रायव्हरला ती टकटक करी. पाववाल्याच्या दुकानात एकदा केली, तर त्याने मुकाट्याने दोन पाव बांधून दिले आणि तिनेही मुकाट्याने घेतले. भाच्याच्या दीक्षाविधीला चर्चमध्ये तिने पाद्रीबाईंकडे बघून टकटक केली. पाद्रीबाई क्षणभर गोंधळल्या आणि मग त्यांनीही छातीवर दोन बोटं आपटली. ते पाहून पुढच्या तीन बाकांवरच्या लोकांनीही आपटली. बाहेर आल्यावर तिची बहीण म्हणाली, "इंगेलिसे, तुला कुठे न्यायची सोय राहिलेली नाही."

फ्यून बेटावरच्या त्या इस्पितळात चार नंबरची खोली म्हणजे रक्तवाहिन्यांची खोली. मनगटात नाहीतर जांघेत टाचणीएवढं भोक पाडायचं, तिथून केसासारखी तार आत सारायची, किरणांच्या पडद्यावर तिचा प्रवास बघत बघत तुंबलेली वाहिनी फुग्याने उघडायची, नाहीतर वाहणारी बुजवायची. चिरफाड नाही, टाके नाहीत. रोगी जागा असतो आणि बहुधा वाऱ्यापावसाबद्दल बोलत असतो. पण हे सगळं चालतं किरणांच्या उजेडात, आणि त्या उजेडाला ना रंग, ना ऊब, ना आवाज. गिरणीत पीठ उडावं तसा तो रोग्याच्या अंगावरून चहूकडे उडतो आणि शेजारी उभ्या असलेल्यांवर बसतो. फरक इतकाच, की हे पीठ दिसत नाही आणि झटकता येत नाही. कुणावर किती बसलं ते कळावं म्हणून काड्यापेटीएवढा बिल्ला. महिना सरला की सगळे बिल्ले कोपनहेगनच्या मापनशाळेत जात आणि तिथून प्रत्येकाच्या नावासमोर आकडा लिहून येई.

इंगेलिसे त्या खोलीतली तंत्रज्ञ. वय त्रेसष्ट, उंची पाच फुटांच्या जरा वर, चालणं असं की लाकडी जमीनसुद्धा आधीच सावरून बसावी. किरणांपासून माणसं सांभाळण्याची जबाबदारी अठ्ठावीस वर्षं तिच्याकडे होती. कायदेकानूंची जाड पुस्तकं तिच्या कपाटात होती, पण शिकवताना ती तीनच गोष्टी सांगे. लवकर आटप. लांब राहा. शिशाच्या आड राहा. या अठ्ठावीस वर्षांत तिच्या खोलीतल्या कुणाचाही आकडा मर्यादेच्या जवळपासही फिरकला नव्हता.

जवळपास फिरकण्याची धमक फक्त एका माणसात होती. डॉक्टर थोर्किल. सहा फूट पाच इंच उंच, गावच्या गायनमंडळात सगळ्यात खालच्या पट्टीत गाणारा, आणि हात असे हलके की तार त्याच्या बोटांतून आपणहून वाट काढत जाते असं वाटावं. पण त्याचा उजवा पाय हा एक स्वतंत्र प्राणी होता. किरणं सोडायचं पेडल टेबलाखाली असतं. बघायचं तेवढंच दाबायचं आणि सोडायचं. थोर्किल ते दाबे आणि विसरून जाई.

"थोर्किल, पाय."

"विचार करतोय, इंगेलिसे."

"मग डोक्याने कर. पायाने कशाला?"

"काढला, काढला."

"काढलास तर चित्र अजून हलतंय कसं? तू विचार करतोस आणि टेबलावरचा माणूस भाजून निघतो."

टेबलावरचा माणूस हे ऐकून मान वर करी आणि मग दोघांनाही त्याची समजूत घालावी लागे की भाजून वगैरे कुणी निघत नाहीये.

शिशाच्या काचांचा चष्मा थोर्किलला नको असे, कारण त्यावर वाफ धरते. छतावरून टांगलेली शिशाची मोठी काच तो कोपराने बाजूला सारी, कारण ती मध्ये येते. "मध्ये यायलाच टांगलीय ती!" इंगेलिसे ओरडे. शिशाचा एप्रन तेवढा तो घाली, कारण त्याशिवाय ती दारच उघडत नसे.

त्या विभागात एक रिवाज होता. ज्याच्या हातून गडबड होईल त्याने शुक्रवारी सकाळी सगळ्यांसाठी केक आणायचा. कॉफीच्या टेबलावर केक ठेवायचा, त्यात कागदी झेंडा खोचायचा आणि आपण काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. मग कुणी रागवायचं नाही, फक्त खायचं. थोर्किलच्या केकांवर अर्धा विभाग पोसला गेला होता. सिद्सेल नावाच्या तरुण परिचारिकेला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं आणि तिचे तीन झाले होते. इंगेलिसेने अठ्ठावीस वर्षांत एकही आणला नव्हता. वाढदिवसाचे आणले, गडबडीचा नाही. ही गोष्ट ती स्वतःहून कुणाला सांगत नसे. तशी वेळच येत नसे, कारण दर शुक्रवारी कुणी ना कुणी आपणहून म्हणेच, "इंगेलिसेचा कधी खायला मिळणार?" आणि ती कॉफीत बघत गालातल्या गालात हसे.

एप्रिलच्या सुरुवातीला मार्चचे आकडे आले. विभागप्रमुख लोने हातात कागद घेऊन कॉफीच्या खोलीत आली तेव्हा थोर्किल राय धान्याच्या काळ्या पावावर मासा पसरत होता.

"थोर्किल, तुझा आकडा एकतीस आलाय."

"बरोबर आहे की," तो म्हणाला. "मार्चमध्ये एकतीसच दिवस असतात."

लोनेने कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने पाव खाली ठेवला.

"वर्षभराची मर्यादा वीस आहे," लोने म्हणाली. "तुझे एका महिन्याचे एकतीस. मला तुला खोलीबाहेर ठेवावं लागेल. हे कुठून आलं ते सापडेपर्यंत."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर यंदाचं वर्ष कागदपत्रं. आणि दूरध्वनी."

थोर्किलने आपले दोन्ही हात टेबलावर उपडे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला, जणू ते कुणीतरी त्याच्याकडे ठेवायला दिले होते आणि आता मालक परत मागायला आला होता. त्याला दुसरं काही येत नव्हतं. घरी साधा बल्ब बदलायचा तरी त्याची बायको शेजाऱ्याला बोलावी.

इंगेलिसेला त्याची खरोखर दया आली. पण दयेच्या खाली, अगदी तळाशी, काहीतरी गुदगुल्या करत होतं. अठ्ठावीस वर्षं! अठ्ठावीस वर्षं आपण पाय, काच, चष्मा करून घसा कोरडा केला, आणि आज कोपनहेगनहून शिक्का मारून कागद आला होता की बाई, तुझंच खरं. तिने तोंड खिडकीकडे केलं. चेहरा आवरायला तिला पुरतं एक मिनिट लागलं.

संध्याकाळी थोर्किल तिच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. दाराच्या चौकटीत मावण्यासाठी त्याला नेहमीच थोडं वाकावं लागे, पण आज तो जास्तच वाकला होता.

"मला शिकव," तो म्हणाला.

"काय?"

"सगळं. पहिल्यापासून. मी नवा आलोय असं समज."

मग पुढचे दोन आठवडे रोज दुपारी चार वाजता, शेवटचा रोगी गेला की, यंत्र बंद करून चार नंबरमध्ये शाळा भरू लागली. प्रथमोपचार शिकवायला वापरतात ती रबरी बाई टेबलावर झोपवली जाई. थोर्किल चष्मा लावून तिच्या मनगटात नसलेली तार सारी. इंगेलिसे स्टुलावर बसून टेबलाखाली डोकं घाली आणि हातात लाकडी पट्टी घेऊन त्याच्या पायावर पाळत ठेवी. बंद पेडलवर पाय दोन सेकंदांपेक्षा जास्त रेंगाळला की पट्टी.

"आई गं! इंगेलिसे, हाड आहे तिथे!"

"म्हणूनच मारते. मांसावर मारून तुला काय कळणार?"

चार दिवस झाले तरी पाय ऐकेना. पाचव्या दिवशी तिला युक्ती सुचली. "तू गातोस ना? मग असं कर. पाय वर तर गाणं चालू. पाय खाली तर गाणं बंद. मला खाली वाकून बघायलाच नको, पाठीकडूनसुद्धा कळेल."

थोर्किलला पायाचा विसर पडत असे, गाण्याचा कधीच नाही. तो गायला लागला. कापणीची गाणी, खलाशांची गाणी, ईस्टरची भजनं. एखादी ओळ ऐन रंगात आली की पाय पेडलवर जायलाच तयार नसे, कारण मग मध्येच तोडावी लागली असती. सिद्सेल दारात उभी राहून हसून हसून खाली बसली. दुसऱ्या दिवशी ती मंद्र सप्तकाला वरची साथ देऊ लागली. तिसऱ्या दिवशी एमिरने खाट दारात लावून ठेवली आणि त्यावरच ताल धरला. काच आता थोर्किलच आपल्या हाताने खाली ओढून घेई आणि म्हणे, "ही काय छान गोष्ट आहे, हिच्यात माझं प्रतिबिंब दिसतं!" इंगेलिसे सायकलवरून घरी जाताना विरुद्ध वाऱ्यात मान खाली घालून पेडल मारी आणि एकटीच हसे. इतकी वर्षं नोकरी झाली, पण असे दिवस तिच्या वाट्याला आले नव्हते.

एकाच माणसाला या सगळ्याचं हसू येत नव्हतं, तो ओलुफ. चौऱ्याऐंशी वर्षांचा, बेटांमधली फेरीबोट चाळीस वर्षं चालवून निवृत्त झालेला. मूत्रपिंडं थकल्यामुळे आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येई. त्यासाठी त्याच्या डाव्या हातात रोहिणी आणि नीला जोडून एक वाट केली होती. ती चांगली चालत असली की बोटाखाली गुरगुरते, मांजर मांडीवर बसल्यासारखी. ती वाट दर सहा महिन्यांनी अरुंद होई, आणि दर वेळी थोर्किलच ती उघडे. त्या हाताच्या आतली वळणं त्याला पाठ होती.

"पोरी," ओलुफ इंगेलिसेला म्हणाला. तिला पोरी म्हणणारा सबंध बेटावर तो एकटाच उरला होता. "माझं मांजर आजारी आहे. बोट लावून बघ."

तिने बोट लावलं. गुरगुर होती, पण लांबून येणारी, भिंतीपलीकडची.

"गुरुवारी ओडेन्सहून बदली डॉक्टर येतोय, त्याच्याकडून करून घे."

"तो? मी बघितलाय त्याला. नाव सांगताना माझ्याकडे न बघता माझ्या कागदांकडे बघत होता. मी थोर्किलसाठी थांबतो."

"ओलुफ, ही पुरती बंद पडली तर मानेत नळी घालावी लागेल."

"मग त्याला लवकर सोडव. तुरुंगात थोडाच आहे तो."

डायलिसिसच्या लोकांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली. त्यानंतर मान.

बुधवारी दुपारी अडीच वाजता कोपनहेगनच्या मापनशाळेतून दूरध्वनी आला. बाई तरुण आणि उत्साही होती, आणि तिला एक चमत्कारिक गोष्ट सापडल्यामुळे ती अगदी हरखून गेली होती.

"तो एकतीसवाला बिल्ला ना, आम्ही पुन्हा तपासला. आणि गंमत म्हणजे तो कुणाच्या अंगावर नव्हताच! माणूस हलतो, वळतो, त्यामुळे बिल्ल्याच्या आतल्या जाळीची सावली पुसट उमटते. इथे ती एकदम रेखीव आहे, छापल्यासारखी. बिल्ला अगदी निश्चल पडून होता. आणि किरणं एकाच बाजूने, सरळ, जवळून आलीत. तुमच्याकडे मार्चमध्ये टेबलावर काही ठेवून त्यावर किरणं सोडली होती का?"

"बघते," इंगेलिसे म्हणाली. "कळवते." आणि तिने फोन ठेवला. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. फोनवरची बाई ‘टेबलावर’ म्हणाली तेव्हाच तिला सगळं दिसलं होतं.

मार्चमध्ये एप्रनांची तपासणी असते. शिशाचा एप्रन नीट टांगला नाही, घडी घालून फेकला, की आतल्या शिशाला चिरा जातात. बाहेरून कळत नाही. म्हणून वर्षातून एकदा एकेक एप्रन टेबलावर पसरून, सगळ्यांनी आडोशाच्या काचेमागे जाऊन, किरणांखाली बघायचा. त्या दिवशी ती आणि सिद्सेल चोवीस एप्रन घेऊन बसल्या होत्या. रेडिओ चालू होता. सिद्सेल प्रत्येक एप्रनला मिठी मारून, त्याच्याबरोबर गिरकी घेऊन मगच टेबलावर झोपवत होती आणि इंगेलिसेला हसू आवरत नव्हतं. यंत्राचा जोर हाताने कमी ठरवून ठेवायचा, हे शिकवणारी तीच. पहिले बारा एप्रन तसे झाले. मग हसण्याच्या नादात तिने जोर यंत्रावरच सोपवला. यंत्राचा स्वभाव असा की समोरचं दिसलं नाही की ते जोर वाढवतं. शिशापलीकडचं त्याला दिसेना. त्याने वाढवला, आणखी वाढवला.

थोर्किलच्या एप्रनावर तिला एक चीर दिसल्यासारखं वाटलं होतं. तिने तिथे किरणं धरून ठेवली. अर्धं मिनिट. चीर नव्हती, चुणी होती. आणि चुणीच्या शेजारी एक लहानसा चौकोन होता. सिद्सेलने विचारलंही होतं, "हे काय?"

"बक्कल," इंगेलिसे म्हणाली होती.

बक्कल! थोर्किल बिल्ला अंगातल्या सदऱ्याला लावण्याऐवजी एप्रनच्या आतल्या अस्तराला लावून ठेवत होता, म्हणजे रोज लावायची कटकट नको. आणि रोज सकाळी तिच्यासमोर छातीवर टकटक करून आत जात होता. तिने टकटक पाहिली. सदरा कधी पाहिला नाही.

दुपारभर ती खुर्चीत बसून राहिली. सगळं काही तिच्याच हातात होतं. ‘कारण सापडलं नाही’ असं कळवलं तर थोर्किल वर्षभर कागदांत. ते तर नाहीच. पण आणखी आठवडाभर गप्प राहिलं तर? महिनाभर? त्याचा पाय आता कुठे वळणावर येत होता. चष्मा तो न सांगता लावत होता. काच आपणहून ओढून घेत होता. एकतीसच्या भीतीने हे सगळं झालं होतं, आणि तो एकतीस खोटा आहे हे कळलं, की उद्या सकाळी पाय पुन्हा पेडलवर ठाण मांडून बसेल. त्याच्याच भल्यासाठी थोडं थांबलं तर कुणाचं बिघडणार होतं?

मग तिला ओलुफच्या हातावर ठेवलेलं स्वतःचं बोट आठवलं. बिघडणार होतं ते त्याचं.

आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. अठ्ठावीस वर्षांत एकही नाही. जूनमध्ये निवृत्ती. फक्त दहा आठवडे उरले होते! ती उठली, सायकल काढली आणि दुकानात जाऊन लोणी, तपकिरी साखर आणि यीस्ट घेतलं.

गुरुवारी सकाळी कॉफीच्या टेबलावर भलाथोरला ट्रे होता. त्यात बोटभर उंच फुगलेला पाव, बोटांनी खळगे पाडलेला, आणि त्या खळग्यांत वितळलेल्या लोणीसाखरेची तळी. मध्ये कागदी झेंडा. खोलीभर असा वास, की माणसं जिना चढतानाच गप्प होत होती.

पण तो गुरुवार होता. केक शुक्रवारी असतो. आणि जवळ कुणीच उभं नव्हतं, कारण इंगेलिसे लोनेला शोधायला गेली होती.

ती लोनेला घेऊन परत आली तोवर खोलीत सगळे जमले होते आणि एकमेकांकडे संशयाने बघत होते. ज्याने त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं, की आपली चोरी कुणाला तरी कळली आहे आणि हा केक आपल्याला बोलतं करायला ठेवला आहे.

सिद्सेलचा धीर पहिला सुटला. "मीच ते! मी बिल्ला कपड्यांबरोबर धुतला. साठ अंशांवर. दोनदा!"

"दोनदा?" लोने म्हणाली.

"पहिल्यांदा नीट निघाला नव्हता."

लोने खाकरली. प्रमुख असूनही तिचे कान लाल झाले. "माझा गाडीत आहे. फेब्रुवारीपासून. आरशाला टांगलाय."

"मी शिशाच्या चष्म्याच्या जागी दोनदा साधाच चष्मा लावला होता," थोर्किल घाईघाईने म्हणाला. "आणि गेल्या बुधवारी तुझी लाकडी पट्टी लपवली ती मी."

मग एमिर पुढे आला. बोस्नियातून येऊन त्याला इथे बरीच वर्षं झाली होती, इस्पितळात सहा. "मला बिल्ला कुणी दिलेलाच नाही," तो म्हणाला. "मी दारापर्यंतच येतो, मला लागतही नसेल. पण मी रोज टकटक करतो."

"मग टकटक का पण?" लोनेने विचारलं.

"मला वाटलं, इथे नमस्कार असाच करतात. आम्ही घरीसुद्धा करतो आता. माझा धाकटा बालवाडीत करतो."

खोली अशी हसली की बाजूच्या विभागातून कुणीतरी भिंतीवर थापा मारल्या. लोने डोळे पुसत होती. फक्त इंगेलिसे ट्रेशेजारी सुरी घेऊन उभी होती, आणि तिच्या चेहऱ्याकडे लक्ष जाईल तसा एकेक जण गप्प होत गेला.

"केक माझा आहे," ती म्हणाली.

"वाढदिवस?" थोर्किलने विचारलं.

"नाही."

कुणाला काही उमगेना. तिने सगळं सांगितलं. एप्रन, रेडिओ, सोपवून दिलेला जोर, अर्धं मिनिट, बक्कल. एकही शब्द चावला नाही. शेवटी म्हणाली, "तुझ्या अंगावर काहीही बसलेलं नाही, थोर्किल. मापनशाळेच्या बाईंना मी सकाळी कळवलंय. एकतीस तुझ्या एप्रनचे होते. ते माझ्यामुळे."

थोर्किलने हातातला कप खाली ठेवला.

"मी," तो सावकाश म्हणाला, "मृत्युपत्र लिहायला घेतलं होतं."

"मला माफ कर."

"पियानो तुझ्या नावावर केला होता, इंगेलिसे!"

"मला पियानो वाजवता येत नाही."

"म्हणूनच केला होता! जन्मभर तो बघून तुला वाईट वाटत राहावं म्हणून!" आणि मग त्या सहा फूट पाच इंचांच्या तळातून कुठूनतरी हसू निघालं, वर वर येत गेलं आणि बाहेर पडलं तेव्हा झेंडा थरथरला. "बक्कल! माझ्या एप्रनाला बक्कल आहे का? पट्ट्या आहेत, बाई, चिकटपट्ट्या! अठ्ठावीस वर्षं तू मला तो बांधायला लावतेस!"

"बिल्ला अस्तराला कुणी लावला होता?" ती उसळून म्हणाली. तिलाही हसू आवरत नव्हतं. "अर्धा केक तुझा आहे!"

"दे. अर्धा दे मग."

"खायचा नाही, आणायचा!"

मापनशाळेचा लेखी निरोप अकराला आला. लोनेने थोर्किलच्या नावासमोरचा एकतीस रद्द केला आणि साडेअकराला स्वतः ओलुफला फोन लावला. ओलुफ म्हणाला, मी तर केव्हाचा टोपी घालून बसलोय.

एक वाजता चार नंबरमध्ये ओलुफचा डावा हात टेबलावर आडवा होता आणि एमिर त्याला उशी नीट करून देत होता. ओडेन्सहून आलेला बदली डॉक्टर बघायला म्हणून आडोशाच्या काचेमागे थांबला होता. इंगेलिसे यंत्रापाशी. तिने किरणांची खिडकी हवी तेवढीच अरुंद केली, म्हणजे किरणं हाताच्या तेवढ्याच टापूत पडतील. आणि मग ती वाट बघत राहिली. आता कळणार होतं. एकतीसची भीती गेली होती.

थोर्किल आत आला. डोळ्यांवर चष्मा होता. तो तिच्यासमोर उभा राहिला, एप्रनचा गळा दोन बोटांनी पुढे ओढला आणि आतल्या सदऱ्यावरचा बिल्ला दाखवला. मग काचेखाली शिरला आणि ती खाली न ओढताच तार हातात घेतली.

"काच," ओलुफ टेबलावरून म्हणाला.

"काय?"

"ही पोरगी दोन आठवडे सगळ्यांना सांगत फिरतेय. मलासुद्धा पाठ झालंय. काच ओढ, नाहीतर मी उठून जातो."

काच आली. तार आत गेली. थोर्किलने पेडल दाबलं, बघितलं, सोडलं, आणि सोडताक्षणी गायला लागला. खलाशांचं गाणं होतं, वाऱ्याचं आणि परतीच्या वाटेचं. दीड ओळ झाली की गप्प, पाय खाली, एक नजर, पाय वर, आणि गाणं जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे. ओलुफला ते गाणं त्याच्याहून जास्त येत होतं. पाय खाली असताना थोर्किल थांबे, तेव्हा ओळ ओलुफ पुरी करी. बदली डॉक्टर काचेमागून डोकं बाहेर काढून इंगेलिसेला कुजबुजला, "तुमच्याकडे नेहमीच असं असतं का?"

"शिशाच्या आड राहा," इंगेलिसे म्हणाली.

अरुंद जागी फुगा फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला. पडद्यावर रंगद्रव्याची काळी रेघ आधी दोऱ्यासारखी होती, ती दोरीसारखी झाली आणि सरळ खांद्याकडे धावत सुटली. किरणं सगळी मिळून दोन मिनिटं चाळीस सेकंद. एरवी ओलुफच्या हाताला थोर्किलची नऊ मिनिटं लागत. इंगेलिसेने आकडा दोनदा वाचला, मग सिद्सेलला वाचायला लावला.

"आलं का मांजर?" थोर्किलने विचारलं.

ओलुफने उजव्या हाताची बोटं डाव्या हातावर ठेवली. डोळे मिटले. 

"आलं," तो म्हणाला. "चांगलं मोठं बोकाच झालंय."

मग त्याने सगळ्यांना बोट लावून बघायला लावलं. सिद्सेलने लावलं, एमिरने लावलं, ओडेन्सच्या डॉक्टरने पुढे येऊन लावलं आणि पहिल्यांदाच ओलुफच्या तोंडाकडे बघितलं. थोर्किलने लावलं. सगळ्यात शेवटी इंगेलिसेने. कातडीखाली एवढी धडधड होती की तिचं बोट उडत होतं. तिला तिथून हात उचलवेना.

"पुरे, पोरी," ओलुफ म्हणाला. "झिजवशील."

चार वाजता इंगेलिसेने जाकीट चढवलं, सायकलची चावी शोधली. कॉफीच्या खोलीत थोर्किल आणि सिद्सेल रिकाम्या ट्रेवर वाकून सुरीने कोपरे खरवडत होते, आणि एमिर पुठ्ठ्याच्या डबीत धाकट्यासाठी शेवटचा तुकडा भरत होता. ती दारात थांबली, जाकिटाची चेन वर ओढली आणि म्हणाली, "तो ट्रे गरम पाण्यात भिजत घाला हं, नाहीतर साखर निघायची नाही."